पहिल्या दुधीची खीर

परसात भाजी लावायची म्हटली की आमच्या गल्लीतल्या बायका मला विचारायला येतात, आणि मीही हातचं राखून न ठेवता सांगते. भेंडीचं बी रात्रभर भिजवा. धने तसेच पेरू नका. वहाणेखाली हलके रगडून त्यांच्या दोन फाका करा, नाहीतर पंधरा दिवस नुसती माती बघत बसाल. वालावर मावा पडला तर सकाळी पानांवर दव असतानाच चुलीची राख भुरभुरा, उन्हं चढल्यावर टाकलेली राख वाऱ्याबरोबर शेजारणीच्या वाळवणावर जाते. कढीपत्त्याला आंबट ताक. पुदिना मोरीच्या पाण्याजवळ. झेंडू वांग्यांच्या कडेनं लावा, मधे लावलात तर तोच सगळी जागा खाऊन बसतो.

दुधी मात्र मी लावत नाही. का, असं कुणी विचारलं तर जागा नाही म्हणते. जागा भरपूर आहे.

मी लग्न होऊन नगरला आले तेव्हा दुसरी मोठी लढाई चालू होती. आमचं घर शहराबाहेर, सावेडीच्या वाटेला. आता तिथे बंगले आहेत. तेव्हा मळे, बाभळी आणि मधूनच एखादं घर. आमचे हे शाळेत मास्तर. घरात सासूबाई आणि एक धाकटा दीर. नणंद कर्जतकडे दिलेली. सासूबाईही मूळ तिकडच्याच, बोलणं सडेतोड, आणि देवाधर्माच्या बाबतीत तर कुणाचं काही ऐकून घ्यायच्या नाहीत. साखर, रॉकेल, कापड, सगळ्याला रांग होती. भाजी परसात होईल तेवढी करायची, असं सगळ्यांनीच मनावर घेतलं होतं.

मागच्या जागेत वर वीतभर काळी माती आणि खाली मुरूम. सासूबाईंनी तिथे तुळस आणि चार शेवंतीची रोपं यापलीकडे काही केलं नव्हतं. मी पहिल्याच वर्षी वाफे पाडले, जुनं शेणखत घातलं. शेणखत हातात घेऊन हुंगावं, वास आला तर ते अजून कच्चं आहे. मेथी, चुका, वांगी, वाल, मिरची, कडेला ओवा आणि गवती चहा. नणंदेच्या जुन्या खोलीच्या खिडकीखाली गुलबक्षी. विहिरीचं पाणी शेंदून शेंदून माझ्या हातांना घट्टे पडले, पण वर्षाच्या आत घरात विकतची भाजी यायची जवळजवळ बंद झाली. मला त्याचा ताठा होता. अठरा-एकोणीस वर्षांची होते, नाकावर राग, आणि कौतुक करायला घरात कुणी नव्हतं. सासूबाई ताटातली भाजी संपवायच्या, हेच त्यांचं कौतुक.

दुसऱ्या वर्षी मी दुधी लावला. कुंपणाच्या एका टोकाला मांडव केला. दुधीचा वेल मांडवाला टेकला की शेंडा खुडायचा, म्हणजे बगलफुटवे येतात आणि फळं त्यांनाच धरतात. त्याच पावसात दिरानं कुठूनसं कडू भोपळ्याचं बी आणून दिलं. उन्हाळ्यात तो आजूबाजूच्या पोरांना बारवेत पोहायला शिकवायचा. वाळलेले कडू भोपळे पोरांच्या पाठीला बांधायचे, की पोर बुडत नाही. बाजारात भोपळे महाग झाले होते. म्हणाला, "वैनी, एक वेल लावा की. तुमचा हात लागला तर काठीलाबी पानं फुटतील."

एवढं म्हटल्यावर मी कशाला नाही म्हणते. कुंपणाच्या दुसऱ्या टोकाला कडू भोपळा लावला. दोन्ही वेल भराभर वाढले आणि मधल्या बाभळीच्या फांद्यांवर एकमेकांना येऊन भिडले. पानं सारखी, फुलंही सारखी. ही फुलं दिवसा मिटलेली असतात. तिन्हीसांजेला उमलतात, पांढरी, कागदासारखी पातळ. मग कुठूनसे राखाडी पतंग यायचे आणि या वेलावरून त्या वेलावर, त्या वेलावरून या वेलावर फिरायचे. देवापाशी दिवा लावून मी मागच्या दारात उभी राहून ते बघायची. मला ते दृश्य फार आवडायचं. आज आठवलं की अंगावर काटा येतो.

सावेडीची एक माळीण भाजीची पाटी घेऊन दारावर यायची. माझ्या परसामुळे तिची आमच्याकडची विक्री तुटली होती, तरी पाणी प्यायला थांबायची. एक दिवस ती मागच्या दारी आली आणि कुंपणाकडे बघतच राहिली.

"बाई, ह्यो कडू हाय न्हवं?"

"हो. पोहायच्या भोपळ्यांसाठी लावलाय."

"आन् ह्यो खायाचा? येकाच कुपाटीवर?" तिनं कपाळाला हात लावला. "कडूची आन् गोडाची सोयरीक करू नगा. औंदा काय व्हायचं न्हाई, औंदा ग्वाडच लागंल. पर ह्येचं बी धरू नगा. पुढल्या साली त्ये बी दगा देतंय."

मला वाटलं, हिचं गिऱ्हाईक गेलं म्हणून हिच्या पोटात दुखतंय. मी हसून म्हटलं, "मावशी, फळ गोड असेल तर बी कसं कडू होईल?" तिनं पाणी संपवलं. तांब्या खाली ठेवून पाटी उचलली आणि गेली.

त्या वर्षी दुधी खरंच गोड निघाले. प्रत्येक दुधी चिरला की देठाकडची चकती जिभेला लावून बघायची, ही माझ्या आईची शिकवण. कडवट लागली तर अख्खा दुधी टाकायचा, जनावरालासुद्धा घालायचा नाही. मी एकही चुकवला नाही, आणि एकही कडू निघाला नाही. एक सरळ, लांब फळ मी बियाणासाठी वेलावरच राखलं. त्याला लाल चिंधी बांधली, म्हणजे कुणी चुकून तोडायला नको. ते वाळल्यावर स्वयंपाकघरात आढ्याला टांगून ठेवलं. हलवलं की आत बिया खुळखुळायच्या. माळीण दारात दिसली की मी मुद्दाम तिच्यासमोर तो खुळखुळवायची. इतकी मी मूर्ख होते.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी मी तेच बी लावलं. या वेळी कडू भोपळा लावला नव्हता. दिराचं काम भागलं होतं. सात बिया टाकल्या, सातही उगवल्या. त्यातलं सगळ्यात जोमदार रोप ठेवून बाकीची उपटली. त्या वेलासारखा वेल मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. अंगठ्याएवढं खोड, परातीएवढी पानं. शेजारी एक मुसलमान कुटुंब राहायचं, त्यांची शेळी सारखी आमच्या कुंपणात तोंड घालायची. तिनं त्या वर्षी वाल खाल्ला, मेथी खाल्ली, शेवंतीसुद्धा सोडली नाही. दुधीच्या पानाला मात्र नाक लावायची आणि मान फिरवून निघून जायची. मला बरंच वाटलं. निदान एक तरी वेल वाचला, म्हटलं.

आषाढात नणंद पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण नात्यानं मोठी, म्हणून मी तिला वन्सं म्हणायची. खरं सांगायचं तर त्या घरात माझ्याशी हसून बोलणारी ती एकटीच होती. तिला परसाचं वेड लागलं. जड अंगानं वाफ्यांमधून हिंडायची, मिरचीची फुलं मोजायची, ओव्याचं पान चघळायची. दुधीला पहिलं कोवळं फळ धरलेलं तिनंच पाहिलं. "वैनी, त्ये बघा!" म्हणून बोट दाखवलं, आणि तुळशीपाशी बसलेल्या सासूबाई तिच्यावर ओरडल्या. कोवळ्या फळाला सरळ बोट दाखवायचं नसतं, फळ सडतं. दाखवायचं तर बोट मुडपून. नणंदेनं घाईघाईनं बोट मुडपलं. आम्ही दोघी नंतर त्यावर हसलो.

श्रावण लागला आणि तिला हिवताप आला. दिवसाआड थंडी वाजून यायची. डॉक्टरांनी कोयनेलच्या, म्हणजे क्विनीनच्या, कडू गोळ्या दिल्या. ताप उतरला, पण गोळ्या चालू ठेवायच्या होत्या. ती म्हणायची, तोंड इतकं कडू झालंय की पाणीसुद्धा कडू लागतं. गुळाचा खडा कडू, भात कडू. मी रोज तिच्या हातावर गोळी ठेवायची, पाण्याचा तांब्या द्यायची आणि कामाला निघून जायची. एकदा गुलबक्षीला पाणी घालताना खिडकीखाली पानांवर पांढरा ओला चुरा दिसला. भिंतीचा चुना पडला असेल, असं वाटलं.

तिला आठवा लागला होता. दूधभाताशिवाय काही जात नव्हतं. एक दिवस म्हणाली, दुधीची खीर खावीशी वाटतेय. सासूबाई म्हणाल्या, "सोमवारी पैला दुधी देवाला दावू. मग खा की पोटभर."

पहिलं फळ देवाचं, हा आमच्या घरचा नेम. आणि नैवेद्याला हात लावणाऱ्या बाईनं तो चाखायचा नाही, हुंगायचासुद्धा नाही. मीठ किती, साखर किती, ते अंदाजानं. चाखला तर उष्टा झाला, मग सगळा टाकून पहिल्यापासून करायचा. त्यामुळे त्या सोमवारी मी दुधी चिरला, तेव्हा देठाकडची चकती जिभेला लावली नाही. दुधी हिरवागार, लुसलुशीत, चिरताना पाणी सुटत होतं. दोन महिने वाटीवाटीनं राखून ठेवलेली रेशनची साखर काढली होती. शेजारच्या मळ्यातून दूध आलं होतं.

मी किसायला बसले. किसणी नवी होती. अर्धा दुधी किसून झाला आणि बोट सोललं.

बोट सोललं की माणूस काय करतं? तोंडात घालतं. मीही घातलं.

जिभेला झणकन कडू लागलं. रक्त खारट असतं, कडू नसतं, हे काय मला कळत नव्हतं? लहानपणापासून किती वेळा बोट कापलं असेल. ती चव जिभेच्या मागे जाऊन बसली आणि गिळली तरी गेली नाही. मी तशीच बसून राहिले. देवघरातून सासूबाईंच्या घंटीचा आवाज येत होता.

त्या क्षणी मी उठले असते आणि म्हटलं असतं, सासूबाई, माझं बोट कापलं, किसात रक्त पडलं असेल, नैवेद्य बाटला, तर काय झालं असतं? त्या मला बोलल्या असत्या. माझ्या आईबापांपर्यंत पोचल्या असत्या. दूध-साखर तशीच राहिली असती, दुधी तेवढा फेकला असता. पण माझ्या डोळ्यांसमोर ती माळीण आली. तिला कळेल. सगळ्यांना कळेल की मास्तरांच्या बायकोच्या त्या थोरल्या वेलाचा पहिला दुधी कडू निघाला. मी स्वतःला सांगितलं की हाताला काहीतरी लागलं असेल. किस पिळून त्याचं पाणी काढून टाकलं, तुपात चांगला परतला, आणि ठरवल्यापेक्षा साखर जास्त घातली. बोटाला चिंधी बांधली.

माझ्या मनात तेव्हा फक्त एवढीच धाकधूक होती, की खीर कडवट लागली तर माझी शोभा होईल. कडू दुधी विष असतो हे आईनं सांगितलं होतं. जनावरालाही घालायचा नाही, असं सांगितलं होतं. ते मला आठवलं नाही असं मी कितीतरी वर्षं म्हणत आले. आता म्हणत नाही. आठवलं होतं. मी कानाडोळा केला.

नैवेद्य झाला. घरातल्या सगळ्यांना सोमवारचा उपास, तो संध्याकाळी दिवेलागणीला सोडायचा, तोवर पाण्याशिवाय काही नाही. पोटुशीला उपास नसतो. म्हणून नणंदेला एकटीला दुपारी पान वाढलं, आणि सासूबाईंनी तिच्यापुढे प्रसादाची वाटी ठेवली. मी दाराशी उभी राहिले.

तिनं पहिला घोट घेतला. क्षणभर थांबली. मग माझ्याकडे बघून हसली.

"कशी झालीय?" सासूबाईंनी चुलीपासून विचारलं.

"ग्वाड झालीय. माझ्याच तोंडाला चव न्हाई."

माझा जीव भांड्यात पडला. कोयनेल! तिला सगळंच कडू लागतंय. आणि प्रसाद टाकायचा नसतो, त्याला नावं ठेवायची नसतात. तिनं सगळी वाटी संपवली. मी आणखी एक पळी वाढली. होय, मी वाढली, आणि तिनं तीही संपवली.

तासाभरानं तिला मळमळायला लागलं. मग उलट्या. मग पोटात अशी कळ की ती जमिनीवर गडबडा लोळायला लागली. चार वाजेपर्यंत उलटीत रक्त दिसलं. हे सायकलवरून डॉक्टरांकडे धावले. सासूबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि एकसारख्या म्हणत होत्या, "हिनं बोट दावलं. मी सांगितलं हुतं, बोट दावू नगं."

मी स्वयंपाकघरात गेले. खिरीच्या पातेल्यावरचं झाकण काढलं, बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं. साखरेखाली ते कडू तसंच होतं. आता त्यात कसलाच संशय नव्हता. मी पातेलं उचललं, मागच्या दारानं गेले आणि सगळी खीर वेलाच्या बुडाशी ओतली. वर माती ओढली. त्या धांदलीत नंतर खिरीची आठवण कुणालाच झाली नाही. फुलं उमलायची वेळ झाली होती. हातात पातेलं घेऊन मी तिथे उभी होते, आणि घरातून नणंदेचा आवाज येत होता. तेव्हा सांगितलं असतं तरी डॉक्टरांना काही उपयोग झाला असता. डॉक्टरांनी विचारलंही, काय खाल्लं होतं? सासूबाई म्हणाल्या, "देवाचा परसाद. दुसरं काय न्हाई." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी होय म्हणून मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मोकळी झाली. मुलगा होता. रडलाच नाही. नणंद वाचली.

डॉक्टर म्हणाले, हिवतापानं असं होतं. सासूबाई म्हणाल्या, दृष्ट लागली, बोट दाखवलं. नणंदेच्या सासरी तिच्या पायगुणावर बोललं गेलं. मी त्या आठवड्यात वेल मुळासकट उपटला. सासूबाईंना सांगितलं, आपोआप वाळला. त्यांनी हात जोडले. पुढे नणंदेला दोन मुलं झाली, चांगली शिकली. त्यानं माझं काही हलकं झालं नाही. ती माहेरी आली की मी तिच्यासाठी सगळं करायची, मेथीच्या जुड्या, ओव्याचे डबे, शेवंतीच्या वेण्या. लोक म्हणायचे, नणंद-भावजयीचं किती सूत आहे. ते ऐकलं की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

सासूबाई गेल्या, मग हे गेले. त्या सोमवारला आता पंचेचाळीस वर्षं झाली असतील. गेल्या हिवाळ्यात नणंद आठ दिवस राहायला आली होती. दोघी उन्हात मेथी निवडत बसलो होतो. ती म्हणाली, "वैनी, समदं लावता, दुधी का हो लावत न्हाई?"

माझ्याच्यानं आणखी राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. माळीण, बी, किसणी, बोट, पातेलं. तिच्या तोंडाकडे बघण्याची हिंमत नव्हती, म्हणून मेथीकडे बघून बोलत होते. सांगून झालं तरी तिचे हात थांबले नव्हते. एकेक पान खुडून ती सुपात टाकत होती.

मग म्हणाली, "मला ठावं हुतं. पैल्या घोटालाच कळलं."

"कसं कळेल? तुम्हाला तर सगळंच कडू लागत होतं. कोयनेल..."

"कोयनेल मी घेतच नव्हते. तुमी गेल्या की खिडकीतनं गुलबक्षीत थुकायची. पोटातल्या जीवाला बाधंल म्हनून. आठ दिस झाले हुते. माझं तोंड साफ हुतं." तिनं एक काडी बाजूला टाकली. "खीर जहर कडू हुती वैनी."

मी विचारलं, "मग खाल्लीत का?"

"तुमी दारात उभ्या हुत्या. बोटाला चिंधी, तोंड ह्येवढंसं झालेलं. आन् आई चुलीपाशी. मी थुकले असते तर आईनं तुमाला जित्तं ठेवलं असतं का? म्हनलं, वाटीभरच हाय. काय हुतंय?"

बाळाला बाधू नये म्हणून जिनं औषध थुंकलं, तिनं मला बोलणी बसू नयेत म्हणून ती कडू खीर गिळली. आणि मी आणखी एक पळी वाढली.

मी रडले. ती रडली नाही. सूप माझ्याकडे सरकवून म्हणाली, "काड्या राहिल्यात, नीट निवडा. तुमाला आता दिसत न्हाई."